मीठ-साखरेचें पाणी

पेलाभर पाण्यांत चमचाभर साखर टाकून ढवळली म्हणजे ती 'नाहींशी झाली' असें म्हणण्याची घरोघर रीत आहे. ती नाहींशी होत नाहीं, हें सिद्ध करण्यास प्रयोगशाळा नको, तराजू पुरे. पाण्याचें वजन आणि साखरेचें वजन यांची बेरीज सरबताच्या वजनाशीं गुंजभरहि फरक न पडतां जुळते. जीभहि तीच साक्ष देते. मग साखरेचें झालें काय? तिचे दाणे झिजत गेले, त्यांचे रेणु एकमेकांपासून सुटे झाले, आणि ते पाण्याच्या रेणूंत इतके सारखे पसरले कीं तळचा घोंट आणि वरचा घोंट यांत गोडीचा भेद उरला नाहीं. गाळणकागदांतून गाळलें तरी साखर मागें राहत नाहीं. रात्रभर झांकून ठेवलें तरी तळाशीं बसत नाहीं. अशा मिश्रणास रसायनशास्त्रांत द्रावण म्हणतात. विरघळतो तो पदार्थ द्राव्य, आणि ज्यांत तो विरघळतो तो द्रावक. नदीचें गढूळ पाणी द्रावण नव्हे. त्यांतील माती स्वस्थ ठेवल्यावर खालीं बसते.

विरघळण्यास मर्यादा असते. शंभर ग्रॅम साध्या पाण्यांत मीठ सुमारें ३६ ग्रॅम विरघळतें; पुढें टाकलेला दाणा तळाशीं जसाच्या तसा पडून राहतो. अशा तृप्त झालेल्या द्रावणास संपृक्त म्हणतात. तितक्याच पाण्यांत साखर मात्र २०० ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या दुप्पट, जिरून जाते. पाणी तापविलें तर साखरेची ही मर्यादा झपाट्यानें वाढते आणि उकळत्या पाण्यांत ती पाण्याच्या जवळजवळ पांचपट होते. मिठाची मर्यादा ३६ वरून ३९ च्या आसपास, एवढीच काय ती सरकते. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. हलवायी खडीसाखर करतो तेव्हां दाट गरम पाकांत दोरे सोडतो आणि पाक हळूहळू निवूं देतो. निवतां निवतां जास्तीची साखर दोऱ्यावर खडे धरते. उरण-पेणकडच्या मिठागरवाल्यानें हीच युक्ति केली तर त्याच्या पदरीं कांहींच पडणार नाहीं. कारण गरम पाण्यांत काय नि गार पाण्यांत काय, मीठ जवळजवळ सारखेंच राहतें. त्याला पाणीच उडवून लावावें लागतें. म्हणून तो समुद्राचें पाणी उथळ वाफ्यांत कोंडतो आणि उन्हावर हवाला ठेवतो.

येथवर पाहिलेले गुण द्राव्य कोणतें आहे यावर ठरतात. द्रावणांच्या अंगीं दुसरे कांहीं गुण असे आहेत कीं ते द्राव्याची जातपात विचारीत नाहींत. द्राव्य गोड आहे कीं खारट, महाग आहे कीं स्वस्त, याच्याशीं त्यांना कर्तव्य नाहीं. त्याचे कण किती, एवढीच त्यांची पृच्छा असते. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठतें. त्यांत कांहींहि विरघळविलें म्हणजे तें गोठण्यास शून्याखालीं जावें लागतें, आणि उकळण्यास शंभराहून थोडी अधिक उष्णता लागते. आइसक्रीमच्या भांड्याभोंवतीं बर्फावर मीठ पसरतात तें याच कारणानें. बर्फ आणि मीठ यांचें मिश्रण शून्याखालीं २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें.

कण मोजावयाचे तर ते एकेक मोजणें शक्य नाहीं. केळीं डझनानें आणि कागद दस्त्यानें मोजतात, तसे रसायनशास्त्रज्ञ रेणु 'मोल' या मापानें मोजतात. एका मोलांत किती रेणु? ६०२ हा आंकडा लिहून त्यापुढें एकवीस शून्यें मांडावीं, सुमारें इतके. एक मोल साखर भरते ३४२ ग्रॅम, एक मोल ग्लुकोज १८० ग्रॅम, एक मोल युरिया अवघा ६० ग्रॅम. यांपैकीं कोणत्याहि पदार्थाच्या एका मोलास एक किलो पाणी, या प्रमाणांतील पातळ द्रावणें करून पाहिलीं, तर गोठणबिंदु मोलामागें १.८६ अंशच खालीं उतरतो. वजनें इतकीं निराळीं, आणि परिणाम एकच. कारण गणती एकच. ग्रेनोबल येथील प्राध्यापक राऊल यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत अशा कितीतरी द्रावणांचीं मापें घेऊन हा नियम बसविला.

मीठ मात्र या नियमांत बसेना. एक मोल मीठ म्हणजे ५८.५ ग्रॅम, त्यानें गोठणबिंदु अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट उतरे. याचा उलगडा स्वीडनमधील स्वान्ते अऱ्हेनियस या तरुणानें केला. मीठ पाण्यांत विरघळतें तेव्हां त्याच्या प्रत्येक घटकाचे सोडियम आणि क्लोराइड असे विद्युद्भारित दोन तुकडे सुटे होतात, म्हणून गणतींत एकाचे दोन भरतात, असा त्याचा सिद्धान्त. त्याचें बीज असलेला प्रबंध त्यानें १८८४ सालीं उप्साला विद्यापीठास सादर केला. परीक्षकांच्या तो पचनीं पडला नाहीं आणि त्यांनीं त्यास अगदीं खालची श्रेणी दिली. १९०३ सालीं त्याच सिद्धान्ताबद्दल अऱ्हेनियस यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मुलाच्या प्रगतिपुस्तकावरून त्याची कायमची किंमत ठरवूं पाहणाऱ्या पालकांनीं ही हकीकत संग्रहीं ठेवण्यासारखी आहे.

कणांच्या गणतीवर चालणारा आणखी एक गुण आहे, आणि आजच्या विषयाचा जीव त्यांतच आहे. कोशिंबिरीसाठीं चोचवलेल्या काकडीवर मीठ घातलें कीं घटकाभरांत तिला पाणी सुटतें. उलट सुकलेला मनुका साध्या पाण्यांत टाकला तर फुगून टपोरा होतो. काकडीच्या पेशीचें आवरण किंवा मनुक्याची साल हे असे पडदे आहेत कीं त्यांतून पाणी सहज जातें, पण विरघळलेले पदार्थ सहज जात नाहींत. अशा पडद्याच्या दोन बाजूंस दोन द्रावणें असलीं, तर ज्या बाजूस कण थोडे तिकडून ज्या बाजूस कण अधिक तिकडे पाणी वाहूं लागतें. यास परासरण म्हणतात. नोले नांवाच्या फ्रेंच धर्मगुरूनें १७४८ सालीं मद्यार्कानें भरलेल्या भांड्याच्या तोंडास डुकराचें मूत्राशय बांधून तें पाण्यांत बुडविलें; पाणी आंत शिरून पडदा तट्ट फुगला. या ओढीचें गणित हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनीं बसविलें, आणि १९०१ सालीं रसायनशास्त्राचें पहिलेंच नोबेल पारितोषिक त्यांस देण्यांत आलें.

मनुष्याचें शरीर अशा पडद्यांनींच बनलेलें आहे. रक्तांतील पाण्यांत दर लिटरमागें सुमारें २९० मिलिमोल कण असतात. मिलिमोल म्हणजे मोलाचा हजारावा भाग. रक्तांतील तांबडी पेशी साध्या पाण्यांत सोडली तर पाणी आंत शिरून ती फुटते. दाट खाऱ्या पाण्यांत सोडली तर सुरकुतते. शिरेंतून जें सलाइन देतात त्यांत लिटरमागें ९ ग्रॅम मीठ असतें. ९ ला ५८.५ नें भागून हजारपट केली म्हणजे १५४ मिलिमोल येतात, आणि एकाचे दोन कण म्हणून ३०८. रक्ताच्या आंकड्याच्या तें इतकें जवळ आहे, तें उगीच नव्हे.

आतां पटकीकडे वळूं. या रोगांत जंतूंचें विष आंतड्यांतून पाणी आणि क्षार यांचा लोट बाहेर सोडावयास लावतें. धडधाकट माणूस सकाळीं आजारी पडून रात्रीं दगावल्याचीं उदाहरणें जुन्या पिढ्यांस ठाऊक होतीं. रोगी मरतो तो विषानें जळून नव्हे, तर सुकून. १८३१ सालीं इंग्लंडांत पटकी शिरली तेव्हां ओ'शॉग्नेसी नांवाच्या बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरनें रोग्यांचें रक्त तपासून पाहिलें आणि त्यांतील पाणी व क्षार घटले असल्याचें दाखवून दिलें. (हेच ओ'शॉग्नेसी पुढें कलकत्त्यास आले आणि हिंदुस्थानांतील तारायंत्राचे जनक ठरले.) पुढच्याच वर्षीं स्कॉटलंडांतील लीथ येथें टॉमस लॅटा यांनीं मरणाच्या दारीं टेकलेल्या एका वृद्धेच्या शिरेंत खारें पाणी सोडलें. तिच्या डोळ्यांत तेज आलें, नाडी लागली. परंतु लॅटा निघून गेल्यावर जुलाब पुन्हां सुरू झाले, पाणी पुन्हां कोणी दिलें नाहीं, आणि कांहीं तासांत ती गेली. उपाय खरा होता. तो सतत चालू ठेवावयाचा असतो, एवढेंच उमगलें नव्हतें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं लेनर्ड रॉजर्स यांनीं कलकत्त्यास ही पद्धति सुधारून मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच खालीं आणलें.

शिरेंतून द्यावयाचें पाणी निर्जंतुक हवें, बाटल्या हव्या, सुया हव्या, जाणता हात हवा. खेड्यांत, जत्रेंत, दुष्काळी छावणींत हें सारें आणावयाचें कोठून? मग तेंच पाणी तोंडानें कां पाजूं नये? पाजून पाहिलें होतेंच, पण नुसतें मिठाचें पाणी आजारी आंतड्यांत फारसें शोषलें जात नसे. पाजावें तितकें बाहेर पडे. या कोंडीची किल्ली १९६० सालीं प्राग येथील एका शास्त्रीय परिषदेंत रॉबर्ट क्रेन यांनीं मांडली. आंतड्याच्या अस्तरांतील पेशींना एक दार असें आहे कीं त्यांतून ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेंच आंत जावें लागतें. एकास दुसऱ्याची सोबत नसेल तर दार बंद. दोघे आंत गेले म्हणजे आंतल्या बाजूस कणांची गणती वाढते, आणि परासरणाच्या नियमानें पाणी त्यांच्या पाठोपाठ जातें. पटकीचें विष हें दार बिघडवीत नाहीं, हाच मनुष्यजातीचा भाग्ययोग. म्हणजे साखर येथें शक्तीसाठीं किंवा चवीसाठीं नाहीं. ती मिठाचा हात धरून त्याला घरांत नेण्यासाठीं आहे.

कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं १९५३ सालींच तोंडानें मीठ-ग्लुकोजचें पाणी देऊन सौम्य पटकीचे रोगी बरे केल्याचें प्रसिद्ध केलें होतें. त्यांच्याकडे लक्ष द्यावें तितकें कोणीं दिलें नाहीं. १९६८ सालीं ढाक्यास डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनीं पाण्याचा जमाखर्च काटेकोर मांडून ही गोष्ट सिद्ध केली. तरीहि हें काम रुग्णालयांतील शिकलेल्या माणसांचें, अशीच समजूत होती.

ती १९७१ सालीं मोडली. पूर्व बंगालमधून सुमारें एक कोटि निर्वासित त्या वर्षीं भारतांत आले आणि सरहद्दीवरील छावण्यांत पटकी भडकली. बनगांव येथील रुग्णालयांत पटकीच्या रोग्यांसाठीं दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. रोगी जमिनीवर दाटीवाटीनें पडलेले, आणि शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलेलें. तेथें डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं धाडसाचा निर्णय घेतला. कलकत्त्यास पुड्या बांधवून घेतल्या: दर लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. पाणी पिंपांत कालवून पिंपांस तोट्या बसविल्या, आणि रोग्यांच्या आईबापांना, भावाबहिणींना सांगितलें कीं भांडें भरून घ्या आणि पाजत रहा. परिचारिका नव्हत्या तेथें नातेवाईक परिचारक झाले. छावण्यांत शंभरांत तीसच्या आसपास मरत होते, तेथें हें प्रमाण महालनबीसांच्या रोग्यांत ३.६ वर आलें.

त्या पुडीचा हिशेब शाळकरी मुलासहि करतां येईल. २२ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे १२२ मिलिमोल. ३.५ ग्रॅम मीठ म्हणजे ६०, पण कण दुप्पट, म्हणून १२०. सोडा सुमारें ३०, त्याचेहि दोन तुकडे, म्हणून ६०. बेरीज ३०२. रक्ताचा आंकडा २९०. युद्धाच्या धामधुमींत, सोळा खाटांच्या रुग्णालयांत, राऊल आणि अऱ्हेनियस यांचें गणित असें पिंपांतून वाहत होतें. महालनबीस २०२२ सालीं वारले. पद्मविभूषण त्यांस मरणोत्तर, २०२३ सालीं मिळालें. एवढ्या थोर कामाची दखल फार उशिरां घेतली गेली, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें ही पुडी ठराविक प्रमाणाची केली. बांगलादेशांत 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० पासूनच्या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरीं गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ व मूठभर गूळ अर्ध्या लिटर पाण्यांत कसा कालवावा हें त्यांनीं आयांना हातांनीं करून दाखविलें. आरंभींच्या पुडीच्या द्रावणांत लिटरमागें ३११ च्या आसपास कण असत. अनुभवानें असें दिसलें कीं आंतड्यांतील पाणी रक्तापेक्षां थोडें पातळ असेल तर तें अधिक सहज शोषलें जातें, आणि मुलांचे जुलाब व ओकाऱ्याहि कमी होतात. म्हणून २००२ सालीं हा आंकडा २४५ वर आणला गेला. आज औषधाच्या दुकानांत ओ. आर. एस. म्हणून जी पुडी मिळते ती याच प्रमाणाची असावी: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५, हें सारें एक लिटर पाण्यास.

'एक लिटर' हा शब्द येथें सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळ घरांत अख्खी पुडी एका पेल्यांत कालवतात, जणूं औषध दाट म्हणजे गुण अधिक. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यांत ती पुडी पडली म्हणजे २४५ चे पांचपट, १२२५ होतात. समुद्राच्या पाण्यांतहि कणांची गर्दी याहून थोडी कमीच असते. असें पाणी मुलाच्या पोटांत गेलें म्हणजे पाणी शरीरांतून आंतड्याकडे ओढलें जातें, जुलाब वाढतात, आणि रक्तांत सोडियम चढून मेंदूस धोका पोंचतो. औषध म्हणून पाजलें, आणि काम केलें काकडीवरच्या मिठाचें! लहान पुड्या २०० मिलिलिटरच्याहि मिळतात. तेव्हां वेष्टणावर किती पाणी लिहिलें आहे तें वाचूनच भांडें निवडावें.

बाटलींतील गोड पेयांचेंहि तसेंच. त्यांत लिटरमागें शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. साखरेच्या रेणूचे आंतड्यांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन होतात, तेव्हां हे कण ५८० च्या वर जातात, आणि मीठ जवळजवळ नाहींच. जुलाब होणाऱ्या मुलास असें पेय देणें म्हणजे गळक्या हौदाची तोटी आणखी सोडणें. कांहीं गोड पेयें 'ओ. आर. एस.' हीं अक्षरें मिरवीत विकलीं जात. २०२५ सालीं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें पेयांच्या नांवांत व वेष्टणावर हीं अक्षरें वापरण्यास मनाई केली. तरी गिऱ्हाइकानें डोळे उघडे ठेवलेले बरे.

पुडी हाताशीं नसेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, हें प्रमाण. हिशेब पहा: साखर सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे ७३ मिलिमोल, आंतड्यांत त्याचे १४६, मीठ ३ ग्रॅम, म्हणजे ५१, त्याचे १०२, मिळून २४८. पुडीच्या २४५ शीं ही बेरीज किती जुळते! चमचा सपाट हवा, शीग लावलेला नको. पाणी चवीला अश्रूंहून खारट लागतां कामा नये.

कोंकणांत आणि गोव्यांत आजाऱ्यास मिठाची पेज देण्याची जुनी वहिवाट आहे. आजीबाईच्या बटव्यांतील प्रत्येक वस्तूवर शास्त्राचा शिक्का मारूं नये. पण या पेजेंत मर्म आहे. भाताचें पिष्ट म्हणजे ग्लुकोजचे शेंकडों, हजारों रेणु एका माळेंत ओंवलेले. माळ एक, म्हणून गणतींत कण एक. पेजेंत साखरेचा सांठा पुष्कळ, पण कणांची गर्दी थोडी, त्यामुळें ती आंतड्यांत पाणी ओढीत नाहीं; माळ आंतड्याच्या भिंतीशीं तुटत जाते आणि सुटलेलें ग्लुकोज लागलीच मिठाला घेऊन आंत शिरतें. काटेकोर भाषेंत पेज हें द्रावण नव्हे, हें खरें. तरी तांदुळाच्या पिठाचें असें पाणी पटकीच्या रोग्यांचे जुलाब ग्लुकोजच्या पाण्याहून कमी करतें, असें रुग्णालयांतील तुलनांत आढळून आलें आहे.

पाणी उकळून निववावें आणि मगच त्यांत पुडी टाकावी. कालवल्यावर उकळूं नये. वाफ जाते ती नुसत्या पाण्याची, आणि मागें उरलेलें दाट होत जातें. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावें. तान्ह्याचें आईचें दूध बंद करूं नये. पाणी चमच्याचमच्यानें द्यावें. ओकारी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सुरू करावें. हें पाणी जुलाब थांबवीत नाहीं, शरीरांतून गेलेलें भरून काढतें, हें ध्यानांत असावें. नाहींतर दोन तासांत गुण दिसत नाहीं म्हणून पुष्कळजण तें सोडून देतात. मूल पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, गुंगी येत असेल किंवा शौचांतून रक्त पडत असेल, तर पेला हातांत ठेवूनच डॉक्टरकडे निघावें, आणि वाटेंतहि पाजत जावें.